जयूनं वाचलेली चिठ्ठी

सोमवारी संध्याकाळी सव्वासात वाजता जयूनं देवापुढच्या तीन चिठ्ठ्यांपैकी एक उचलली, उलगडली, समईपाशी धरली आणि म्हणाली, "सिंगापूर."

चिठ्ठ्या तिच्या नवऱ्यानं, श्रीपादनं लिहिल्या होत्या. तिन्ही चिठ्ठ्यांवर त्यानं स्वित्झर्लंड लिहिलं होतं.

लाइट सातलाच गेली होती. मार्च लागला की उज्जैनला ती त्या वेळी जायचीच. लाइट येईपर्यंत थांबू, असं श्रीपाद म्हणाला होता, पण जयूनं ऐकलं नाही. "महाकालला काय ट्यूबलाइट लागते? समई आहे की," म्हणून ती पाटावर बसलीसुद्धा. आता तिनं चिठ्ठीची पुन्हा नीट घडी घातली आणि ती त्याच्या हातावर ठेवली.

"देवानं सांगितलं. आता वाद नाही."

श्रीपादनं घडी उघडली. तिला सोपं जावं म्हणून त्यानं मुद्दाम ठसठशीत अक्षर काढलं होतं. समईच्या उजेडात ते त्याला उभ्या उभ्या वाचता येत होतं.

"सिंगापूर तर सिंगापूर," तो म्हणाला.

त्याच्या घरात अडलेल्या गोष्टी अशाच सुटत आल्या होत्या. मुलाचं नाव श्रेयस ठेवायचं ते चिठ्ठीनंच ठरलं, स्कूटरचा रंगही. चिठ्ठी आली नाही म्हणून श्रीपादच्या वडिलांनी ग्वाल्हेरची बदली नाकारली होती. नियम दोनच. ज्याचा प्रश्न त्यानं चिठ्ठी उचलायची, आणि उरलेल्या चिठ्ठ्या न उघडता निर्माल्यात टाकायच्या. उघडून बघणं म्हणजे देवावर अविश्वास. हा दुसरा नियम होता म्हणूनच श्रीपादला लबाडी करता आली.

लबाडीचं कारण महिनाभरापूर्वी इंदूरला घडलं होतं. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतोय म्हणून उज्जैनच्या डॉक्टरांनी जयूला तिकडच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. तपासणी झाल्यावर त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि श्रीपादला आत बोलावलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, त्याला औषध नाही, असं ते म्हणाले. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मधलं शेवटी जातं. किती वर्षांत, ते कुणी सांगू शकत नाही. रात्री त्यांना अडखळायला होत असेल ना, असं त्यांनी विचारलं, तेव्हा श्रीपाद ठामपणे नाही म्हणाला होता. बाहेर येऊन त्यानं जयूला सांगितलं, नंबर वाढलाय, बाकी काही नाही. तिनं मान हलवली आणि पर्समधून बसचे सुटे पैसे काढले.

त्यानंतरच्या रविवारी जेवताना त्यानं विषय काढला. जूनमध्ये तिला पन्नास पुरी होत होती. आपण परदेशी जाऊ, दोघंच, असं तो म्हणाला. जयूच्या हातातला घास तसाच राहिला. लग्नानंतर काश्मीरला न्यायचं कबूल करून ज्यानं तिला मांडूला नेलं होतं, आणि तिथंही सोबत आपली आई घेतली होती, तो हा माणूस. "बँकेत काही घोटाळा तर केला नाहीत ना?" तिनं विचारलं आणि मग बराच वेळ हसत राहिली.

नावं तीन निघाली. नेपाळ जयूचं, कारण पशुपतिनाथ होईल. सिंगापूर श्रीपादच्या बहिणीचं, रजनीचं. ती गेल्या दिवाळीच्या आधी तिकडे जाऊन आली होती. स्वित्झर्लंड श्रीपादचं. खरं तर तेही जयूचंच, असं तो धरून चालला होता. बँकेच्या एका जुन्या कॅलेंडरवर तिथला बर्फाचा डोंगर होता. तारखा केव्हाच संपल्या होत्या, तरी जयूनं खालचा कागद कापून डोंगर तेवढा स्वयंपाकघरात ठेवला होता. मधलं शेवटी जातं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो डोंगर तिनं पुरता दिसतोय तोवर बघावा, एवढंच श्रीपादला हवं होतं. पण ती इतक्या लांब, इतक्या खर्चाला तयार होईना. म्हणून चिठ्ठ्या.

जेवणं मेणबत्तीवर झाली. जयूनं पोळ्या वाढल्या, भाजी वाढली, काही सांडलं नाही. ताटाच्या कडेला आधी डाव्या हाताचं बोट लावून ती वाढते, हे श्रीपादनं त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. आणि मग त्याला देवास गेट आठवलं.

वर्षभरापूर्वी इंदूरच्या एका लग्नाहून परतताना ते दिवेलागणीनंतर देवास गेटला बसमधून उतरले होते. गर्दीत जयूनं त्याचं कोपर धरलं. सव्वीस वर्षांत तिनं बाजारात त्याच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. त्या दिवसापासून संध्याकाळी बाहेर पडलं की ती कोपर धरायची. श्रीपाद सुखावला होता. मुलगा पुण्याला गेला, घर मोकळं झालं, उशिरा का होईना बायको जवळ आली, असं त्याला वाटलं होतं. फ्रीगंजच्या घंटाघरापाशी बँकेतल्या भय्यासाहेबांनी टोमणा मारला, "क्या बात है, नवीन लग्न झालं वाटतं," तेव्हा त्यानं मुद्दाम कोपर आणखी पुढे केलं होतं.

ती वर्षभर त्याच्यापासून लपवत होती. तो महिनाभर तिच्यापासून.

मंगळवारी तो फ्रीगंजला केदारच्या दुकानात गेला. केदारचा आधी एसटीडी बूथ होता. बाहेरचं जग खुलं झालं तसं त्यानं त्याच खोलीत टूर्सचं काम सुरू केलं होतं, भिंतीवर विमानं चिकटवली होती. श्रीपादनं स्वित्झर्लंडऐवजी सिंगापूरचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"काका, सिंगापूरला लोक टीव्ही आणायला जातात. तुम्ही काकूंना घेऊन जाताय, पन्नासावा बर्थडे आहे. काही रोमान्स वगैरे?"

तिथं बघायला काय आहे, असं श्रीपादनं विचारलं. केदारनं बाग सांगितली, पक्षी सांगितले, दुकानं सांगितली. "आणि रोशनी. तिथं रात्र होतच नाही काका. कुठंही फिरा, भरदुपारी फिरल्यासारखं."

श्रीपाद खुर्चीवर बसून राहिला. रजनीही दिवाळीत हेच म्हणाली होती. मध्यरात्री रस्त्यावर सुईत दोरा ओवावा, इतका उजेड. जयू तेव्हा चकल्या तळत होती. तिनं झारा थांबवून पुन्हा विचारलं होतं, गल्लीबोळातसुद्धा? श्रीपादला तो बायकांचा भाबडा प्रश्न वाटला होता.

तर मग तिनं सिंगापूर म्हटलं ते तोंडाला आलं म्हणून, की तिला तिथंच जायचं होतं म्हणून? जिथं संध्याकाळी कुणाचं कोपर धरावं लागणार नाही, तिथं? विचारायचं तर चिठ्ठीवर काय होतं ते सांगावं लागणार होतं. ते सांगायचं तर इंदूरला डॉक्टर काय म्हणाले तेही.

ओळखीनं पासपोर्ट लवकर आले होते. स्वित्झर्लंडच्या व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा जे काही असेल ते शनिवारी दुपारपर्यंत कळवा, असं केदार म्हणाला. श्रीपाद बरं म्हणून उठला.

गुरुवारी बँकेतून घरी आल्यावर त्याला निर्माल्याची टोपली रिकामी दिसली. न उघडलेल्या दोन चिठ्ठ्या तिच्यात होत्या. काढून घ्यायचं त्याच्या मनात रोज येत होतं, पण जयू घरात असताना देवाच्या खोलीत जाऊन टोपली उपसायला त्याला काही निमित्त सापडलं नव्हतं. तिसरी त्याच्या पाकिटात होती. शेजारच्या अनसूयाबाई नदीवर निघाल्या होत्या, त्यांच्याकडे दिलं, असं जयू म्हणाली. सकाळी दहाला, व्हरांड्यातूनच. त्या वेळी व्हरांड्यात इतकं ऊन असतं की ती रोज तिथं बसून अख्खा पेपर वाचते.

ती वाटाणे सोलत होती.

शुक्रवारी सकाळी तो दाढी करून गच्चीवर गेला, तर दोरीवर लोकरीचे कपडे टाकलेले. त्याचे दोन स्वेटर, तिची शाल, श्रेयसचं जुनं जर्किन, मफलर. दरवर्षी रंगपंचमी झाली की जयू ते उन्हं देऊन, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत टाकते. रंगपंचमीला अजून आठवडा होता. पण या वर्षी ऊनही लवकर तापलं होतं.

"अहो," ती दोरीपलीकडून म्हणाली, "हा राखाडी घालून बघा जरा. बसतो का अजून?"

श्रीपादनं बनियनवर स्वेटर चढवला. उन्हानं तो गरम झाला होता. जयूनं पुढं येऊन त्याचे खांदे ओढून पाहिले, बाह्या पाहिल्या, हात ताणायला लावले.

"बसतो," ती म्हणाली.

कशाला, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. केदारला अजून नाव कळवलेलं नाही.