खडीचं अंगण

कान्ये गावातल्या टेकडीवरच्या वस्तीत सकाळी कोण उठलंय आणि कोण नाही, हे कळायला कुणाचं दार वाजवावं लागत नाही. अंगण झाडलेलं असलं की घरची बाई उठली. मातीत खराट्याच्या ताज्या अर्धगोल रेघा दिसल्या की शेजारीण आपल्या वाटेने जाते. ऊन चढलं तरी अंगणात कालचीच पावलं, कोंबड्यांच्या नख्या आणि वाऱ्याने आणलेला पाचोळा दिसला, तर ती शेराच्या कुंपणाशी थांबते आणि हाक मारते. हाकेला ओ आली नाही, तर आत शिरते. हा नियम कुणी घालून दिलेला नाही. खराटा धरायला शिकता शिकता मुली तोही शिकतात.

सेथुन्याही शिकली होती. सात वर्षांची असताना पलीकडच्या म्हाताऱ्या बाईचं अंगण झाडलेलं नाही, हे आईला तिनेच सांगितलं होतं. पण गाबोरोनला, राजधानीत, एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिची बावीस वर्षं गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला अंगण नसतं. आईच्या अंगणात खडी टाकायचं ठरवलं तेव्हा तिने पुष्कळ वाचलं होतं. मातीचा उतार किती हवा, तण येऊ नये म्हणून खाली काळं कापड कोणतं अंथरायचं, गोल गोटे कुठे आणि फोडलेली खडी कुठे. पांढरी खडी मात्र तिने घेतली नाही. कबरीवर पांढरी टाकतात, आणि आईच्या दारात तिला कबरीची आठवण नको होती. तिने तांबूस खडी निवडली, कडेला करडे गोटे, मध्ये दोन कोरफडी. एवढा विचार तिने केला होता.

कारण साधं होतं. आईचं खुब्याचं हाड दुखत होतं आणि वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एकदा पसरली की बघायचं काम नाही," खडी टाकणारा मोसेकी म्हणाला होता. "आजी, तुमच्या नातवंडांची लग्नं याच खडीवर होतील बघा."

"नातवंडं तर येऊ देत," आई सेथुन्याकडे न बघता म्हणाली. "खडी कसली, मी गालिचा अंथरीन."

कुंपणापलीकडून शेजारीण, गालेबोएची आई डोकावली. ती आणि सेथुन्याची आई या वस्तीत एकाच वर्षी लग्न होऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांचं भांडण कधी संपलं नव्हतं.

"काय गं, खडी टाकून दवाखाना काढलास की काय?"

"हो. आधी तुझ्या जिभेवर औषध करणार आहे."

सगळ्या अंगणात खडी पडली. फक्त फाटकापासून चुलीच्या खोपटापर्यंत चार हात रुंदीची मातीची पट्टी आईने मागून घेतली. "तेवढी राहू दे. कोंबड्यांना उकरायला." सेथुन्याने राहू दिली.

ऑगस्टमध्ये गालेबोएच्या आईचा फोन आला. "तुझी आई काही ऐकत नाही. ती पट्टी रोज झाडते. काल झाडता झाडता खाली बसली ती उठेना, मी जाऊन उठवली." सेथुन्या त्याच शनिवारी मोसेकीकडून खडीची दुसरी गाडी घेऊन आली. पट्टीही झाकली. आई खोपटाच्या दारात उभी राहून बघत होती.

"आता तरी आराम कर," सेथुन्या म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

खराटा सेथुन्याने मोसेकीच्या गाडीत टाकून दिला. त्यावरही आई "बरं" म्हणाली.

ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी आई खोपटाबाहेर कोसळली. गुरुवारी दुपारी गालेबोएची आई विरजलेलं दूध द्यायला आली, तेव्हा तिला ती सापडली, गेलेली. मधल्या बुधवारी सेथुन्याने दोनदा फोन केला होता. उचलला नाही, तेव्हा तिला वाटलं, आईने पुन्हा फोन चार्ज करायला लावला नसेल. आई नेहमीच विसरायची.

सेथुन्या पोचली तेव्हा आईला नेलेलं होतं. खोपटासमोर आंबिलीची पळी पडली होती. आणि जिथे आईचा उजवा हात असणार, तिथली खडी बाजूला सरलेली होती. ताटाएवढी जागा. खालचं काळं कापड दिसत होतं.

सेथुन्याने पळी उचलली आणि धुऊन ठेवली. ती जागा तिने बुजवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर बसली, खांद्यावर घोंगडी घेऊन. आठवडाभर रोज संध्याकाळी अंगणात प्रार्थना होत. दफन पुढच्या शनिवारी पहाटे. त्या वेळी शवपेटीशेजारी उभं राहून कुणीतरी सांगतं, की माणूस कसं गेलं. आजार कोणता, कुणी पाहिलं, शेवटी काय झालं. ते ऐकल्याशिवाय गाव पेटी उचलत नाही.

मंगळवारी ओटुकिलेमामा आला. आईचा थोरला भाऊ, या घरातला शेवटचा शब्द त्याचा. काठी भिंतीला लावून तो खुर्चीवर बसला.

"सांगायचं काम गालेबोएची आई करील. तिनेच पाहिलं आधी. झोपेत गेली, एवढं बास."

"मामा, ती झोपेत नव्हती. खोपटासमोर पळी पडली होती."

"कुणी पाहिली पळी?"

"मी."

"मग तू पाहिलीस. तुझ्यापाशी ठेव." मामाने आवाज खाली आणला. "पोरी, दोन दिवस बहीण माझी उघड्यावर पडली होती, हे चारशे माणसांना सांगू? म्हणतील, भाऊ पलीकडच्या वस्तीत राहतो, मुलगी गाबोरोनला पुस्तकं मोजते, आणि म्हातारीला कोंबड्यांनी राखलं."

"खरंच आहे की ते."

"खरं आहे म्हणूनच म्हणतो!" मामा उठला. त्याला काठी सापडेना. ती भिंतीला होती, समोरच. सेथुन्याने उठून त्याच्या हातात दिली. त्याचे डोळे भरले होते, आणि ते तिने पाहिलं याचा त्याला राग आला होता.

तिला वाटलं, मामाचंच ऐकावं. गेलेली बाई परत येणार नाही. मग बुधवारी मावसबहीण बोन्याना येऊन गादीच्या कडेला टेकली. थोडं रडली, आणि नाक पुसत म्हणाली, "ही वेळ नाही, माहीत आहे. पण त्या खडीवाल्याचा नंबर देशील? आमच्या आईलाही आता वाकवत नाही. तुझ्या अंगणाचा फोटो मी केव्हाची सगळ्यांना दाखवते. खालच्या गल्लीत दोघींनी टाकून घेतली, कळलं का?"

"कोण दोघी?"

बोन्यानाने नावं सांगितली. दोन्ही म्हाताऱ्या एकट्या राहणाऱ्या होत्या.

"बोन्याना, टाकू नकोस."

"का गं? तू तर टाकलीस."

सेथुन्याने तोंड फिरवलं. बोन्यानाला वाटलं, दुःखात आहे बिचारी. तिने सेथुन्याचा हात थोपटला आणि म्हणाली, "राहू दे, मी मोसेकीला शोधीन. गाव केवढंसं!"

त्या संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर गालेबोएची आई आत आली आणि गादीवर शेजारी बसली. बाहेर भांडी आवरण्याचा आवाज येत होता, आणि माणसं जाताना खडी करकरत होती.

"मावशी, तुम्ही काय सांगणार आहात?"

"तुझा मामा म्हणाला ते."

"तिच्या उजव्या हातापाशी खडी बाजूला झाली होती."

गालेबोएच्या आईने पदराच्या जागी घेतलेली शाल सारखी केली. "कोंबड्या उकरतात."

"काळ्या कापडापर्यंत?"

"कोंबड्या फार उकरतात, पोरी."

"मावशी."

म्हातारी म्हणाली, "मी बघितलं होतं. बुधवारीही आणि गुरुवारीही. रोज बघते तसं कुंपणावरून. खोपट पलीकडच्या अंगाला, ते दिसत नाही. अंगण दिसलं. स्वच्छ. एक पान नाही, एक पाऊल नाही. म्हटलं, उठलीय बाई. आणि मीच तुला फोन केला होता त्या पट्टीसाठी. मीच. ती पट्टी असती तर—"

"फोन केला तो तिच्या काळजीने."

"आणि तू दगड टाकलेस ते कशाने?"

"शनिवारी खरं सांगा," सेथुन्या म्हणाली. "खडीचं सांगा. बोन्यानाही टाकायला निघालीय. खालच्या गल्लीत दोघींनी टाकलीय."

"गाव तुला काय म्हणेल, माहीत आहे? दगडाखाली आईला पुरली म्हणतील. जन्मभर म्हणतील."

"म्हणू देत."

"तू लहान आहेस," त्रेचाळीस वर्षांच्या सेथुन्याला ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "मी बघते काय सांगायचं ते."

शनिवारी उजाडता उजाडता पेटी अंगणातल्या मांडवात आणली. पेटी उचलणाऱ्यांचे पाय खडीत रुतत होते. एकजण अडखळला, बाकीच्यांनी सावरलं. माणसं कुंपणाबाहेरपर्यंत उभी होती. गाणी झाली, चर्चच्या पाळकांचं बोलून झालं. मग गालेबोएची आई पेटीशी गेली. तिने एक हात झाकणावर ठेवला.

"हिला मी एक्कावन्न वर्षं ओळखते," ती म्हणाली. "चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही, कारण ती उठून मला मारील." लोक हळूच हसले. "मंगळवारी सकाळी आंबील ढवळायला निघाली आणि पडली. मी शेजारीण. माझं काम बघायचं. पण माझी नजर गेलीय आणि पाय दुखत होते. दोन दिवस मी कुंपणाकडे फिरकले नाही. बघितलं असतं तर कळलं असतं. दोष द्यायचा तर मला द्या. ही जागच्या जागी गेली, तिला काही कळलं नाही. एवढंच."

मामाने मान खाली घातली. मांडवात कुणीतरी उसासा टाकला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी गालेबोएच्या आईकडे अशा नजरेने पाहिलं, की ती नजर सेथुन्याला आपल्याच अंगावर आल्यासारखी झाली. एक्कावन्न वर्षांची शेजारीण, आणि यापुढे गावात ती 'दोन दिवस न बघणारी' म्हणून राहणार होती. आणि बोन्याना सोमवारी मोसेकीला फोन करणार होती.

सेथुन्या उभी राहिली. शोक धरलेली मुलगी त्या वेळी बोलत नाही.

"खाली बस," मामा दात आवळून म्हणाला.

"मावशींनी दोन्ही दिवस पाहिलं," सेथुन्या म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मावशींनी दोन्ही दिवस पाहिलं. पाहण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. हे दगड मी टाकले. आईने एक पट्टी मागितली होती, तीही मी झाकली. दगडांवर झाडलेलं दिसत नाही आणि न झाडलेलंही दिसत नाही. आई लगेच गेली नाही. तिने हाताने दगड बाजूला केले होते. किती वेळ, ते मला माहीत नाही. ज्यांच्या आया एकट्या आहेत, त्यांनी टाकू नका. ज्यांनी टाकलेत, त्यांनी काढा."

ती बसली. मांडवाच्या कडेला कुणीतरी पाय हलवला आणि खडी वाजली, तेवढाच आवाज. मग पाळकांनी घाईघाईने गाणं धरलं आणि लोकांनी पेटी उचलली.

दफनाहून परतल्यावर फाटकाशी कोरफडीचे तुकडे टाकलेल्या पाण्याने हात धुवायचे असतात. घमेलं गालेबोएची आई धरून बसली होती. रांग मोठी होती. सेथुन्या पुढे आली तेव्हा म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"खोटी पाडलीस मला. तिच्या पेटीपाशी."

"हो, मावशी."

"तुझ्यासाठी बोलले होते मी."

"माहीत आहे."

"तुझ्या आईने मला बोलू दिलं असतं. 'बरं' म्हणाली असती."

"तेच तर, मावशी," सेथुन्या म्हणाली. "ती सगळ्यांनाच बरं म्हणायची."

म्हातारीने घमेलं थोडं वर उचललं. सेथुन्याने हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले, आणि मागे माणसं खोळंबली होती म्हणून बाजूला झाली.