न सांगता

त्या घरात एक पद्धतच पडून गेली होती. ठकी खेळात रमली की हळूच सटकायचं. आई तशीच कामाला निघायची, आणि बाबा तर चपला हातात घेऊन मांजराच्या पावलांनी. सांगितलं की पोर रडते, मग सांगा कशाला, असं सगळ्यांचं शहाणपण. ते आता चांगलंच अंगाशी आलं होतं. पाच वर्षांची ठकी खेळ सोडून दाराकडे डोळे लावून बसायची आणि घरातलं कुणी दिसेनासं झालं की भिंतीवर डोकं आपटायची.

दोन थेरपिस्टनी आधीच हात टेकले होते. या तिसऱ्या ताईंची अट एकच. रडली तरी चालेल, पण तिला सांगितल्याशिवाय कुणी खोलीबाहेर जायचं नाही. ठकीलाही त्यांनी तसा शब्द दिला होता. आज ताईंच्या खोलीतून बाबांनी पहिल्यांदा सांगून बाहेर जायचं होतं.

पण ठकी आज चक्क दाराकडे पाठ करून ठोकळे रचत होती, हसत होती. हसत्या पोरीला रडवायचं बाबांच्या जिवावर आलं. ताई घरंगळलेला ठोकळा उचलायला वाकल्या आणि जित्याची खोड ती, बाबा सटकले.

बाहेर ते कान देऊन उभे राहिले. ठोकळे कोसळले. मग धप्प. पुन्हा धप्प. मग काहीच ऐकू येईना. ते आत धावले.

ताईंनी भिंत आणि ठकीचं कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात घातला होता. ठकी त्यांनाच ढकलत होती. खोटं वागलो आपण आणि खोट्या ठरल्या ताई, हे बाबांना कळलं. आता याही गेल्या तर पोरीचं कसं होणार, या भीतीने त्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "तिला खरं सांगा. आणि पुन्हा बाहेर जा. सांगून."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. ते ठकीसमोर बसले.

"मी न सांगता गेलो. चुकलं माझं. आता दाराबाहेर बसतो. ताईंनी हाक मारली की येतो."

ठकीने त्यांचा शर्ट मुठीत आवळला. बाबांनी ती मूठ सोडवली नाही. बऱ्याच वेळाने तिनेच सोडली. मग ताईंचा हात ओढून तिने स्वतःच्या कपाळावर घट्ट दाबून धरला आणि बाबांना म्हणाली, "जा."