ज्योतबापूंच्या अंगावरची रेघ

गुरुवारी सकाळी सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा पुढे सरकत नव्हत्या. साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो अडकून पडले होते, हॉर्न किंचाळत होते आणि खाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर माणसांची भलीमोठी रांग लागली होती. रांगेत रात्रपाळी संपवून आलेले लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कामगार होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, इस्त्रीच्या कपड्यांतले चार-दोन कारकूनही होते. रांग जिथे संपत होती तिथे एक पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दारात, झेंडूचे हार घातलेला एक मोठा रंगीत फोटो.

फोटो जवळून पाहिला तर नुसते चौकोन चौकोन दिसत. चार पावले मागे सरकले की चित्र जमून येई. एक तळे, पलीकडे बाभळींची काळी रांग, गुडघाभर पाण्यात उभे असलेले ज्योतबापू महाराज, त्यांच्या हातात पितळी लोटा. आणि फोटोच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, बापूंच्या अंगावरून गेलेली पांढरी झगझगीत रेघ.

"जोई लो, भाईओ, पाहून घ्या!" माइक हातात धरून सुकदेव ओरडत होता. "रोलचा कॅमेरा असता तर कोणी म्हणालं असतं, धुताना डाग पडला. पण ह्या कॅमेऱ्यात रोलच नाही! हा कंप्युटरचा कॅमेरा, थेट अमेरिकेहून आलेला! माणूस खोटं बोलेल, कंप्युटर कसा बोलेल? तुमच्या-आमच्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते कंप्युटरला दिसलं: आभाळातून बापूंवर उतरलेली ज्योत!"

"मग बापूंना लाइटबिल येत नसेल!" अडकलेला एक रिक्षावाला म्हणाला. रांगेतले दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी डोळे वटारल्यावर तेही गप्प झाले.

सुकदेवचे लिंबायतला झेरॉक्स आणि कंप्युटर प्रिंटिंगचे दुकान होते. ह्या फोटोच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती तोच छापायचा आणि शेडच्या दारात विकायचा. वापरायची रीतही तोच सांगायचा. "वाटीभर पाण्यात फोटो बुडवून ठेवा. सकाळी पाण्याला रंग येईल. रंग उतरला म्हणजे कृपा उतरली. ते पाणी उपाशीपोटी घ्या. साखर, दमा, टीबी, काहीही असो!"

आणि त्याच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात हार घालून, ज्यांनी तो फोटो काढला ते मुकुंद देशपांडे बसले होते.

मुकुंदराव एका बँकेत अधिकारी होते. सज्जन, अबोल, चारचौघांत उठून न दिसणारा माणूस. छंद एकच, फोटोचा. रविवारी सकाळी स्कूटर काढून ते चलथाणच्या उसाच्या शेतांकडे जात आणि तिथल्या तळ्यावर बगळे, खंड्या, थंडीत उतरणारी बदके टिपत बसत. त्यांच्या मेव्हण्याने अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा पाठवला तेव्हा सुरतेत तसली वस्तू फारशी कोणी पाहिलेली नव्हती. त्यात फिल्मऐवजी फ्लॉपी घालायची. फोटो काढला की पाठीमागच्या छोट्या पडद्यावर लगेच दिसायचा, नको असेल तर बटण दाबून पुसता यायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते बदकांचा फोटो घेत होते. तेव्हा 'खाडीवाले बापू' म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ भक्ताच्या शेतावर मुक्कामाला आले होते. ते स्नानाला तळ्यात उतरले, बदके उडाली, आणि मुकुंदरावांनी बटण दाबले ते नेमके बापू लोटा वर करत असताना. पडद्यावर ती रेघ पाहून ते स्वतः चकित झाले. फोटो छापायला त्यांनी सुकदेवच्या दुकानात दिला. सुकदेव बापूंचा जुना भक्त. त्याने फोटो पाहिला, कपाळाला लावला, आणि आठवड्याभरात खाडीवाले बापू ज्योतबापू झाले.

मुकुंदरावांचेही दिवस पालटले. वर्षानुवर्षे त्यांच्या बगळ्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. आता बँकेत लोक त्यांना चहाला बोलावू लागले. महाराष्ट्रीय मंडळाने त्यांच्या फोटोंचे प्रदर्शन भरवले.

मग जानेवारीत एके दिवशी, त्याच तळ्यावर, साखर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर त्यांच्या फोटोत आला. ट्रॅक्टरच्या आरशावर ऊन चमकत होते. मुकुंदरावांनी पडद्यावर पाहिले. आरशाच्या बरोबर वर आणि खाली, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तीच पांढरी रेघ.

ट्रॅक्टरवर काही कोणाची कृपा उतरली नव्हती. मग त्यांनी बटण दाबले आणि तो फोटो पुसून टाकला.

पुढच्या गुरुवारी सुकदेवचा निरोप आला, तेव्हा ते पुन्हा जाऊन त्या खुर्चीवर बसले. आपण कुठे काय बोलतो आहोत, असे त्यांनी मनाशी म्हटले. बोलतो तो सुकदेव. आपण नुसता फोटो काढला.

त्यांची बायको विजया मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने पहिल्याच दिवशी विचारले होते, "अहो, ही रेघ कसली?" मुकुंदराव म्हणाले होते, "कोण जाणे." तेव्हा ते खरेच होते. नंतर तिने पुन्हा विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

विजयाच्या शाळेत वत्सला नावाची मदतनीस होती. बुलढाण्याकडची. तिचा नवरा शालिग्राम लूमवर काम करायचा. दिवाळीच्या आधी त्याला क्षय असल्याचे निदान झाले, तेव्हा विजयाच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. गोळ्या सुरू झाल्या, खोकला कमी झाला, चेहऱ्यावर जरा रंग आला. फेब्रुवारीत मात्र वत्सला शाळेत येईनाशी झाली, म्हणून विजया चौकशीला तिच्या खोलीवर गेली.

शालिग्राम भिंतीला टेकून बसला होता. गालफडे आत गेली होती. शेजारच्या चिंधीवर रक्ताचा डाग होता. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटे तशीच्या तशी पडलेली, आणि त्यांच्यापुढे एका वाटीत निळसर पाणी. त्या पाण्यात ज्योतबापूंचा फोटो बुडवलेला होता.

"वत्सला, गोळ्या का बंद केल्या?"

"बाई, गोयांनी त्यायले मळमळ होये. आन् आता बापूचं पाणी सुरू हाय ना. पहा, कसा रंग उतरते."

"अगं, ती प्रिंटरची शाई आहे! पाण्यात विरघळते. शाई पाजते आहेस तू त्याला!"

वत्सलाने अविश्वासाने तिच्याकडे पाहिले. "असं कसं म्हनता बाई? फोटो तर तुमच्या साहेबानंच काहाडला. बापूचं जाऊ द्या, पन साहेब खोटा फोटो काहाडतीन का?"

विजयाने रिक्षा बोलावली, शालिग्रामला दवाखान्यात पोचवले आणि संध्याकाळी घरी आली. मुकुंदराव चहा पीत होते. तिने पर्स ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली.

"शालिग्रामने गोळ्या सोडल्यात. तुमच्या फोटोचं पाणी पितोय. रक्त पडतंय त्याला."

कप बशीवर आपटला. मुकुंदरावांचा चेहरा पाहूनच तिला कळले.

"तुम्हाला माहीत आहे ती रेघ कसली ते," ती म्हणाली.

"कारण नाही माहीत. पण बापूंची नाही, एवढं माहीत आहे." त्यांनी ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"आणि दर गुरुवारी हार घालून घेत होतात?"

विजया उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती एक स्टीलचे ताट घेऊन. "कॅमेरा आणा. ऊन आहे तोवर गच्चीवर चला," ती म्हणाली.

गच्चीवर त्यांनी ताटाचा कवडसा कॅमेऱ्यात पाडला. रेघ आली. ताट हलवले, रेघ हलली. ताट झाकले, रेघ गेली. मग मुकुंदरावांनी कॅमेरा कुशीवर वळवून धरला, आणि पडद्याकडे पाहता पाहता त्यांना हसू आणि रडू एकदमच आले.

पुढच्या गुरुवारी दोघे पर्वत पाटियाला गेले. सुकदेवने नेहमीची खुर्ची पुढे केली. मुकुंदराव बसले नाहीत. त्यांनी माइक मागितला.

"आज साहेब स्वतः अनुभव सांगणार!" सुकदेवने खुशीत जाहीर केले.

"हो," मुकुंदराव म्हणाले. "आज इथे कृपा कोणाकोणावर उतरते ते दाखवतो. ज्याला पाहायचं त्याने जवळ या."

शेडच्या बाजूला एक मोटारसायकल उभी होती. विजयाने तिचा आरसा उन्हाकडे वळवला. मुकुंदरावांनी फोटो काढला आणि मागचा पडदा पुढच्या माणसांना दाखवला. मोटारसायकलवर आभाळापासून जमिनीपर्यंत पांढरी रेघ उतरली होती. मग एका बाईच्या हातातला डबा. मग बाजूला बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा. दर वेळी रेघ.

"शेळीबापू की जय!" मागून कोणीतरी ओरडले.

सुकदेव काही कच्चा नव्हता. त्याने माइक हिसकावला. "पाहिलंत? बापूंची कृपा इथे कणाकणात भरली आहे! मुक्या जनावरावरसुद्धा उतरते!"

काही लोकांनी हात जोडले. क्षणभर वाटले, डाव उलटला. शेडच्या दारात येऊन उभे राहिलेल्या बापूंच्या ओठांवर हसू आले.

"कृपा आभाळातून खाली येते ना, सुकदेवभाई?" विजयाने विचारले.

"तर! वरूनच येणार."

"मग तुम्हीच फोटो काढा. माझ्या हातातल्या ह्या ताटाचा. फक्त कॅमेरा असा कुशीवर वळवून धरा."

मुकुंदरावांनी कॅमेरा त्याच्या हातात दिला. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणे सुकदेवला जमेना. त्याने बटण दाबले. मुकुंदरावांनी पडदा सगळ्यांकडे फिरवला. विजया सरळ उभी दिसेल असा तो धरला, तर रेघ ताटातून डावीकडून उजवीकडे गेली होती.

"आज कृपा आभाळातून न येता चौकातून आली, टेम्पोवाल्यांच्या बाजूने," विजया म्हणाली. लोक मोठ्याने हसले. ते ओसरल्यावर तिने वर्गातल्या बाईंच्या आवाजात समजावले. "ह्या कॅमेऱ्यात भिंगामागे उजेड टिपणारी एक छोटी चिप असते, तिच्यावर बर्फाच्या ट्रेसारखे बारीक खाने, रांगेने. उजेड पडला की खाने भरतात, आणि कॅमेरा ते रांगेरांगेने रिकामे करतो. आरशावरचं ऊन एकाच खान्यात ओतलं गेलं की तो ओसंडतो, आणि त्या रांगेतला प्रत्येक खाना भिजतो. तीच रेघ. ती कॅमेऱ्याच्या पोटातली आहे, म्हणून कॅमेरा फिरला की तीही फिरते. बापूंच्या हातात त्या दिवशी लख्ख घासलेला लोटा होता. आणि वाटीतला रंग म्हणजे प्रिंटरची शाई."

बापू गरजले, "नास्तिक बाई! भोगशील!" पण गर्दी आता त्यांच्याकडे पाहतच नव्हती. एक म्हातारा मुकुंदरावांच्या अगदी जवळ आला. "साहेब, तुम्हाला हे आजच कळलं का?"

हो म्हणणे सोपे होते. विजया त्यांच्याकडे पाहत होती.

"नाही," मुकुंदराव म्हणाले. "जानेवारीतच कळलं होतं. मी गप्प बसलो. मला ह्या खुर्चीची गोडी लागली होती."

म्हाताऱ्याने खिशातला फोटो काढला, मुकुंदरावांच्या हातात ठेवला आणि चालू लागला. त्याच्यामागे आणखी बरेच आले. कोणी शिवी दिली, कोणी नुसताच फोटो दिला. मुकुंदराव हात पुढे करून उभे राहिले.

सगळेच काही गेले नाहीत. दहा-बारा जण शेडमध्ये बसून राहिले. पण महिन्याभरात बापूंनी मुक्काम हलवला. सचिन गावाच्या बाजूला कुठेतरी त्यांनी नवी शेड घातल्याचे कानावर आले, तेव्हा मुकुंदराव आणि विजया कॅमेरा घेऊन तिकडेही गेले.

शालिग्राम वाचला. पण मधेच औषध सोडल्यामुळे रोग बळावला होता. इंजेक्शने घ्यावी लागली, उपचार लांबला, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, कारखान्यातल्या धुळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. लूम सुटली. गावी परत जाण्याचे ठरले.

निघण्याआधी मुकुंदराव त्याला भेटायला गेले. काय बोलायचे ते त्यांनी वाटेत दहा वेळा जुळवले होते. प्रत्यक्षात एवढेच म्हणाले, "शालिग्राम, चूक माझी झाली."

शालिग्राम दोन शब्द बोलून थांबत होता, श्वास घेत होता. "मले बापूचा भरोसा नव्हताच, साहेब. म्या वत्सलाले म्हनलं बी, असे लय बापू पाह्यले." तो थांबला. "भरोसा तुमचा होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मुकुंदरावांना तो असता तर बरे वाटले असते.

वाचकहो, बापू आणि सुकदेव आपल्याला सहज ओळखू येतात. ते ओरडून बोलतात, त्यांच्याकडे माइक असतो. पण लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात तो पुष्कळदा त्यांच्या शेजारी गुपचूप बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाकडे पाहून. म्हणून कोणी नवल दाखवले तर ते कसे झाले हे विचारा, पुन्हा करून दाखवायला सांगा. डॉक्टरने दिलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणि तुम्हाला खरे कारण कळले असेल, तर ते त्याच दिवशी, मोठ्याने सांगा. कोणीतरी तुमच्या गप्प बसण्यालाच होकार समजत असते.