समाचारापूर्वीची धून

"नंबर सात, नाम नहीं बताना है। शहर नहीं, गुरु का नाम भी नहीं। लाल बत्ती जले, तो शुरू कीजिए।"

भिंतीवरच्या जाळीतून आलेला हा आवाज ऐकून विनायक खडतकरांनी मान डोलावली. आणि समोरच्या काचेवर पडदा ओढलेला असल्यामुळे ती कोणालाही दिसलेली नाही, हे ध्यानात येऊन ते स्वतःशीच ओशाळले. पडद्यापलीकडे तीन परीक्षक बसले होते. वादक दिसू नये, त्याचे नाव कळू नये, म्हणजे गुण मिळतील ते केवळ वादनाला, असा त्या सरकारी रेडिओ केंद्राचा दंडक होता. दंडक चांगला होता. खडतकरांना तो मनापासून मान्य होता. आणि पुढे जे घडले ते पाहता हे आधीच सांगून ठेवणे न्यायाचे होईल.

जवाहर चौकात त्यांचे शिवणयंत्रे, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्याचे दुकान होते. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले टंकलेखक. त्यांच्यामागे मुलाला मिळाले एक मोडके टंकलेखन यंत्र आणि बुलबुलतरंग. या वाद्याला भोपाळात सगळे बँजोच म्हणतात: लाकडी पेटीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि त्या दाबण्यासाठी गोल कळा. त्यातली एक कळ तुटली तेव्हा खडतकरांनी वडिलांच्या यंत्राची कळ काढून तिथे बसवली. ती उत्तम बसली. फक्त वर येताना 'टक्' असा बारीक खटका करी. तो खटका काढून टाकणे त्यांच्यासारख्या कारागिराला मुळीच अवघड नव्हते. त्यांनी तो काढला नाही, इतकेच.

पुष्कळ वर्षांपूर्वी शालिनी कारखानीस नावाच्या, त्या रेडिओ केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकारी शिवणयंत्र घेऊन दुकानात आल्या आणि त्यांनी तो बँजो ऐकला. खडतकरांनी स्वतः रचलेली एक छोटी धून होती ती. आठवड्याच्या आत शालिनीताईंनी त्यांना केंद्रावर नेऊन तिचे ध्वनिमुद्रण केले.

"नाव मात्र आत्ता सांगता येणार नाही हं," त्या म्हणाल्या होत्या. "नावाला श्रेणी लागते, श्रेणीला परीक्षा लागते, आणि परीक्षेच्या वाद्यांत तुमचा बँजोच नाही. पण धून वाजेल तर खरी! एकदा लोकांच्या कानावर गेली, की नाव आपोआप मागून येईल."

धून वाजली. एखादा कार्यक्रम लवकर संपला आणि दिल्लीच्या बातम्यांना थोडा अवधी उरला, की ते भगदाड बुजवायला केंद्रावर एखादे वाद्यसंगीत लावतात. त्याच्या आधी निवेदन नसते, नंतरही नसते. खडतकरांची धून त्या भगदाडाच्या मापाची निघाली. आणि मग ती वाजतच राहिली. साकेत नगरातल्या परिचारिका तिच्यावर संध्याकाळची निघण्याची वेळ ओळखू लागल्या. करोंदच्या मंडीत आडते ती सुरू झाली की गल्ला आवरू लागले. सबंध शहराला ती धून ठाऊक होती. ती कोणाची, हे शालिनीताई आणि खडतकर पती-पत्नी यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि पती-पत्नींनी सांगणे सोडून दिले होते, कारण एका लग्नाच्या पंगतीत पत्नी प्रमिलाबाईंचा भाऊ अमित सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भावजी, तुमची म्हणता, पण कशावरून? रेडिओवाले तर तुमचं नाव घेत नाहीत. उद्या मीपण म्हणेन, बातम्या मीच वाचतो म्हणून!"

पंगत पोट धरून हसली होती. प्रमिलाबाईंनी त्यानंतर माहेरच्या कोणत्याही लग्नात रेडिओचा विषय निघू दिला नाही.

यंदा केंद्राने मोहीम काढली: ज्यांना श्रेणी नाही, ज्यांची ध्वनिफीत कोणा कंपनीने काढलेली नाही, अशा स्थानिक कलावंतांनी यावे, कोणतेही वाद्य चालेल. निवड झालेल्यांचे वादन नावानिशी प्रसारित होईल. मोहीम पोकळ नव्हती. मागल्या खेपेला गायकांसाठी काढलेल्या अशाच मोहिमेत मंडीतला एक तोलाईवाला, पिंटू, निवडला गेला होता. रेडिओवरचे त्याचे गाणे ऐकून इंदूरच्या एका महोत्सवाने त्याला बोलावले, आणि आता तो मंडीत दिसेनासा झाला होता. त्यानेच दुकानात येऊन खडतकरांना गळ घातली. "काका, भर दो फॉर्म। और ज़्यादा दिमाग मत लगाना। जो सबसे पक्का है, वही बजा देना।"

"पक्कं म्हणजे तीच वाजवणार तुम्ही," पिंटू गेल्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या. "नवीन काहीतरी बसवा ना. ती फार ऐकलेली झालीय आता."

"ऐकली कोणामुळे? स्वतःचं घर असताना भाड्याच्या खोलीत पाहुणे कशाला बोलवू?"

"बघा बाई. मला आपलं वाटलं. पण एकदा नाव घेऊ देत म्हणजे झालं. अमितला फोन मी लावणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

लाल दिवा लागला. खडतकरांनी ती धून वाजवली. आणि निःपक्षपातीपणे सांगायचे तर मुद्रणापेक्षा चांगली वाजवली, कारण मधल्या वर्षांत त्यांचा हात पिकला होता. खटका आपल्या जागी आला. धून संपली. जाळी खरखरली.

"नंबर सात, ये तो हमारे केंद्र की धुन है। समाचार से पहले बजती है।"

"जी, वो..."

"बोलिए मत! पहचान बताई, तो नंबर रद्द हो जाएगा।"

दुसरा आवाज हसत म्हणाला, "अरे साहब, खटका तक उतार लिया है बंदे ने! मेहनत तो की है।"

"नकल अच्छी है," पहिल्याने मान्य केले. "लेकिन अपना कुछ हो, तो सुनाइए।"

खडतकरांचे ओठ विलग झाले होते. बोलावे, तर दंडक मोडतो आणि क्रमांक रद्द होतो. न बोलावे, तर आपण आपलीच चोरी केल्याचे कबूल होते. तिसरा मार्ग त्यांना त्या क्षणी दिसला नाही, आणि शांतपणे विचार केला तर तो नव्हताच. त्यांनी तोंड मिटले आणि लग्नाच्या वरातीत वाजवतात तसले काहीतरी वाजवले. बरे वाजवले, लक्षात राहू नये इतपत बरे.

"धन्यवाद, नंबर सात," जाळीतून तिसरा आवाज आला. तो एका वृद्ध स्त्रीचा होता, आणि खडतकरांनी तो तत्काळ ओळखला.

दुपारी फळ्यावर निवडलेल्यांचे क्रमांक लागले. त्यांत सात नव्हता. बँजो काखेत मारून ते फाटकापाशी आले, तेव्हा मागून हाक आली. "खडतकर, थांबा."

शालिनीताई निवृत्त झाल्या होत्या. बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावले होते. त्या काठी टेकीत आल्या.

"मी ओळखलं होतं तुम्हाला."

"केव्हा?"

"पहिल्याच खटक्याला."

"मग तिथेच बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर परीक्षक उमेदवाराला ओळखतो असा अर्थ झाला असता. तुमचा क्रमांक तिथल्या तिथे रद्द. आणि मग माझ्यामुळे बाकीच्यांचीही परीक्षा नासली असती."

"बरोबर आहे," खडतकर म्हणाले. "पण ताई, आता कुठे पडदा आहे? निकाल लागला. आता जाऊन सांगा ना, की हा माणूस नक्कल करत नव्हता."

"आतलं काही बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलंय आम्ही. खरं तर तुमच्याशीसुद्धा बोलायला नको होतं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पुढच्या खेपेला दुसरं काही बसवा. मी असेन-नसेन."

"पुढची खेप आहे?"

"सांगता येत नाही. इथला वेळ कमी होत चाललाय, सगळं दिल्लीहून येतं."

"मग एवढं तरी करा. ती धून लावणं बंद करायला सांगा. माझी नसेल तर वाजवता कशाला?"

"ती आता केंद्राची ओळख आहे, खडतकर. ते माझ्या हातात राहिलं नाही." मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी तेव्हा ती लावलीच नसती, तर आज तुम्ही पास झाला असता. एवढं मला कळतं."

"लोकांच्या कानावर गेली की नाव येईल, म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

त्यांच्यासाठी रिक्षा येईना, म्हणून खडतकरांनीच पुढे जाऊन एक थांबवली, त्यांना हात देऊन आत बसवले आणि काठी त्यांच्या पायांशी आडवी ठेवली.

दुकानात प्रमिलाबाई मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. "काय म्हणाले?"

"नक्कल चांगली आहे म्हणाले."

"नक्कल? कोणाची?"

"माझी."

त्यांनी मोबाइल पदराखाली झाकून ठेवला. खडतकर बँजो मांडीवर घेऊन पेचकसाने त्याच्या कळांशी काहीतरी करू लागले.

संध्याकाळी साकेत नगरच्या रुग्णालयातली एक परिचारिका मिक्सरचे भांडे न्यायला आली. शेजारच्या चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता. कार्यक्रम संपला, आणि धून सुरू झाली.

"लो, बज गई," ती मुलगी हसून म्हणाली. "बचपन से सुन रही हूँ, भैया। मम्मी इसी पर गैस चालू करती थीं। किसकी है ये, पता है?"

प्रमिलाबाई एकदम पुढे सरकल्या. खडतकरांनी मान वर केली नाही.

"रेडिओ की है, सिस्टर," ते म्हणाले. "जार का ब्लेड बदल दिया है। गरम चीज़ मत डालना।"

ती गेली. टपरीवर धून शेवटाकडे आली होती. वडिलांच्या यंत्राची कळ पेचकसाच्या टोकाने निघून हातात आली. तिच्यावरचे अक्षर केव्हाच झिजून गेले होते. त्यांनी ती जुन्या स्क्रूंच्या डब्यात टाकली आणि तिच्या जागी बाजारची नवी कळ बसवली. पलीकडे रेडिओवर 'टक्' असा खटका झाला, धून संपली आणि दिल्लीहून बातम्या सुरू झाल्या.

खडतकरांनी नवी कळ एकदा दाबून सोडली. ती वर आली. कसलाही आवाज झाला नाही.