बोटांच्या टोकाशी

निनादने माउस सोडला, तशी पडद्यावरच्या मुलीची पाठ निळ्या-पिवळ्या पट्ट्यांमध्ये लांबच लांब ओघळली.

"पाहिलंत? फोटोतली ठिपक्याएवढ्या जाडीची एकच उभी ओळ निवडायची, वेगळ्या लेयरवर कॉपी करायची आणि ओढायची. उभा माणूससुद्धा धावायला लागतो."

रोडपालीतल्या त्या नवशिक्यांच्या फोटो-एडिटिंग क्लासमध्ये टाळ्या पडल्या. प्राजक्ता मात्र खुर्ची मागे ढकलून उठली.

"हा फोटो कुणी दिला?"

"मी," शेजारचा मिथुन म्हणाला. गावातल्या कबड्डी स्पर्धेचे फोटो त्यानेच काढले होते. "सरांना धावपळीचा फोटो हवा होता. भारी दिसतेस त्यात. उडाल्यासारखी."

"उडत नव्हते. माझा गुडघा मोडला तेव्हाचा फोटो आहे हा. किंचाळत होते मी. आणि तुम्ही त्याची रांगोळी काढताय?"

टाळ्या विरल्या.

अंतिम सामन्यातली ती शेवटची चढाई होती. चौघींनी तिला मध्यरेषेपाशी दाबून धरलं आणि पंचांनी बाद दिलं. सामना गेला, आणि गुडघ्यामुळे खेळही गेला. दवाखान्यात भेटायला आलेले प्रशिक्षक सुदामदादा कॉटशेजारी बसून म्हणाले होते, "हात पोचला नाय गो तुजा. घाई केलीस." मग वर्षभर ज्याने त्याने तेच ऐकवलं. हळूहळू तीही तेच म्हणायला लागली होती.

"सॉरी, मला माहीत नव्हतं," निनाद म्हणाला. "काढून टाकतो."

"मीच काढते."

लंगडत पुढे जाऊन तिने त्याच्या हातातून माउस जवळजवळ हिसकावला. रागाने बटणं दाबत तिने एकेक पट्टी पुसली. शेवटची पट्टी गेली आणि मूळ फोटो उघडा पडला. ओळ नेमकी निवडता यावी म्हणून निनादने तो चांगलाच मोठा करून ठेवला होता. पडद्यावर तिचा पंजा भिंतीएवढा झाला होता. खाली फक्कीने आखलेली पांढरी मध्यरेषा होती. मधली दोन बोटं तिच्यावर टेकलेली, टोकं पलीकडे तिच्या स्वतःच्या अंगणातल्या मातीत रुतलेली.

तिने फोटोचा वरचा भाग समोर आणला. पंचांची शिट्टी अजून छातीवरच लोंबत होती, वाजायची होती.

डिलीटच्या बटणावरचं तिचं बोट तसंच राहिलं.

"वर्षभर होता हा तुझ्याकडे?"

"मोठा करून कधी बघितलाच नाही गं," मिथुन पुटपुटला.

तिने टेबलावर मूठ अशी आपटली की कीबोर्ड उडाला. तिचा श्वास मोठ्याने चालला होता.

"सुदामदादांना पाठव. आत्ता. असाच, मोठा करून."

मिथुनने खिशातून मोबाइल काढला. निनादने घसा खाकरला.

"मग... इफेक्टसाठी दुसरा फोटो घेऊ या?"

"नको, हाच घ्या." तिने माउस त्याच्याकडे सरकवला. तिचा आवाज अजून तापलेलाच होता. "पाठ ओढा, पाय ओढा, काय हवं ते ओढा. त्या हाताला मात्र हात लावायचा नाही. तो पोचलाय."