बिनआकड्याचं छत

नव्या खोलीच्या छताला एकही आकडा ठेवायचा नाही, असं जानकीने गवंड्याला बजावून सांगितलं होतं. मुंबईला एकदा ती नवऱ्याबरोबर एका डॉक्टरांच्या घरी गेली होती. तिथलं छत तिने मान दुखेपर्यंत पाहिलं. वासा नाही, तुळई नाही, जळमट नाही. धुऊन ताणलेल्या चादरीसारखं पांढरं. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तिचा नवरा दत्ताराम बोटीवर नोकरीला होता आणि पैसे पाठवताना हात आखडत नसे. मग काय, मालवणजवळच्या त्यांच्या वाडीतला पहिला स्लॅब पडला तो जानकीच्या घरावर. देवाची जुनी खोली पाडून त्याच जागी मोठी खोली झाली. खाली गुळगुळीत लादी, मुंबईहून आलेल्या लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या, वर सनमायका लावलेलं मेज. लोक मुद्दाम बघायला येत. जानकीचं नाक वर गेलं होतं, आणि का जाऊ नये?

एकटे दाजी तेवढे त्या खोलीत पाऊल टाकत नसत. दाजी म्हणजे तिचे सासरे, एकेकाळी शिडाचा मचवा हाकणारे तांडेल. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा चार खांबांचा शिसवी पलंग होता. तरुणपणी तो त्यांनी गोव्यातून स्वतःच्या मचव्यात घालून आणला होता. खांब माणसापेक्षा उंच, अंगभर वेलबुट्टी. हा पलंग गोठ्यात टाकावा आणि दाजींना नवी लोखंडी खाट घ्यावी, असं जानकीनेच सुचवलं होतं. दाजींनी पलंगाच्या खांबावरून नुसता हात फिरवला. ते हात फिरवणं तिला अजून टोचत होतं, पण हे ती कबूल करणाऱ्यांतली नव्हे.

चतुर्थी तोंडावर आली. दत्ताराम रजेवर आला, रानात जाऊन आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, कवंडळाची फळं, रानफुलं घेऊन आला. नारळ, सुपारीचे घोस, तवशी काकड्या यांचा ओसरीवर ढीग पडला. हे सगळं माटवीला बांधायचं आणि मग माटवी गणपतीच्या डोक्यावर टांगायची. माटवी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. तिच्याखालीच देव बसायचा, दुसरीकडे कुठे नाही. दाजींनी ती माळ्यावरून काढली, पुसली आणि पहिल्यांदाच नव्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"जानकी, माटवी खंय टांगूची गो?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. छत स्वच्छ, गुळगुळीत, पांढरंशुभ्र. घर बांधलं, वास्तुशांत झाली, वाडीभर कौतुक झालं, आणि एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांत एकालाही माटवी आठवली नव्हती. जानकीच्या तोंडचं पाणी पळालं.

गंगाराम गवंड्याला बोलावणं गेलं. त्याने वर पाहिलं, बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. "फोडूक सांगशात तर फोडतंय. पण मगे गळलां तर माका सांगा नको." बांबू उभे करून पाहिले, ते लादीवरून सरकले. मागच्या खोलीत वासे होते, पण तिथे आरतीला चार माणसंही मावली नसती. शेवटी शेजारची चुलत जाऊ राधाबाई म्हणाली, "गणपती आमच्याकडे न्हेया. आमचे वासे आसत."

ती चांगल्या मनाने म्हणाली, हेच वाईट होतं. या घरातला गणपती आजवर दुसऱ्याच्या घरी बसला नव्हता. आपल्या हौसेपायी देव घराबाहेर निघाला, असं आता जन्मभर ऐकावं लागणार. जानकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

दाजी मागच्या खोलीत गेले. तिथून त्यांची हाक आली, "दत्ता, माझ्या पलंगाच्यो फळयो काड."

फळ्या निघाल्या, खांब निघाले. विहिरीवर चारही खांब नारळाच्या काथ्याने घासून धुतले, खोबरेल लावलं, आणि पलंगाचा नुसता सांगाडा नव्या खोलीत उभा राहिला. काळंभोर शिसव त्या चकचकीत लादीत आरशासारखं उतरलं होतं. चौकटीच्या आत सनमायकाचं मेज, मेजावर देवाचा जुना पाट, आणि खांबांच्या डोक्यावर भरलेली माटवी.

"निजूच्या पलंगात देव बसतलो?" राधाबाई हळूच म्हणाली.

"माझी चारय पोरां ह्येच्यार झाली," दाजी म्हणाले. "माझ्या बायलेचो जीवय ह्येच्यारच गेलो. ह्येच्यापेक्षा सोवळां लाकूड आसा तर माका दाखय."

राधाबाईने पदर सावरला आणि पुढे होऊन एक सुटलेला टाळा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. दिवेलागणीला दत्तारामने गॅसबत्ती पेटवली आणि ती टांगायला गेला, तर पुन्हा आकडा नाही. हसत त्याने ती लादीवरच ठेवली. बत्ती फुरफुरली, पांढरी झाली, आणि आरतीला जमलेल्यांच्या माना वर गेल्या.

छतभर रान पसरलं होतं. आंब्याचं पान सुपाएवढं, नारळ घागरीएवढे, सुपारीचे घोस, रानफुलांच्या काड्या, सगळं त्या पांढऱ्या स्लॅबवर सावल्यांनी उमटलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. खांबांवरची वेलबुट्टी भिंतींवर चढली होती. जुन्या घरात कौलांखालचा काळोख हे सगळं गिळून टाकायचा. हे आपण केलेलं नाही, दाजींनीही नाही, असं जानकीला वाटलं, आणि तिने नकळत हात जोडले.

दाजी मान वर करून बघत राहिले. "जुन्या घरात ह्यां कधी दिसाक नाय," ते म्हणाले.

विसर्जन झालं. माटवी तेवढी दुसऱ्या दिवशी सोडायची होती. रिकाम्या मेजाकडे पाहून दत्ताराम म्हणाला, तिच्याबरोबर पलंगही मागे नेऊया.

"हयच ऱ्हवांदे," जानकी म्हणाली.

"लोक हसतले गो," दाजी म्हणाले. "ह्या खुर्च्यांच्या बाजूक म्हाताऱ्याचो पलंग."

"हसांदेत, दाजीनू."

मेज तिने स्वतः भिंतीशी सरकवलं. फळ्या बसवल्या, गोधडी घातली. दाजी बराच वेळ काठावर बसून होते, मग भरल्या माटवीखाली आडवे झाले. जानकी कंदील घेऊन आली आणि सवयीने वरती कुठे अडकवायचा ते शोधू लागली.

"खालीच ठेव," दाजी छताकडे बघत म्हणाले.