रसवांगीबरोबर लाल वाइन

"मामा, रसवांगीबरोबर कुठली लाल वाइन चालते?"

वाणीनं एका दमात विचारलं आणि पानातल्या भाताकडे, चिंचेच्या रसातल्या वांग्यांकडे बघत बसली. पैज वर्गातल्या सुष्मिताची होती. काल शाळा सुटल्यावर साक्कोट्टैच्या बसमध्ये चढता चढता ती म्हणाली होती, "सगळे जेवायला बसले असताना विचारायचं. एकट्यात विचारलंस तर पैज जिंकली असं धरणार नाही."

पाहुणा आलेला सुरेंद्रमामा नाशिकला वाइन बनवायचा. कुंभकोणमला मात्र अम्मा सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ द्राक्षाच्या ज्यूसच्या फॅक्टरीत आहे.

अम्माच्या हातातली पळी थांबली. "पेरुमाळाचा शनिवारचा नैवेद्य आहे आज. काय बोलतेस ते कळतं का गे?"

"विचारू दे, अक्का." मामानं वांग्याची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "कॅबरने नको. तोंड कोरडं करणारं द्राक्ष ते, वर मिरची आली की आणखी झोंबतं. सांजोवेझे चालेल. मूळ इटलीतलं, टस्कनीचं; आता महाराष्ट्रातही लावतात. अंगचाच आंबटपणा आहे त्याला, चिंचेपुढे फिकं पडत नाही." त्यानं आणखी एक घास घेतला. "पण आजच्या रसवांगीबरोबर कुठलीच नको. अळणी आहे ही. मीठ नसलं की लाल वाइन कडू लागते."

"मला वाटलं माझीच जीभ गेली," अप्पा म्हणाले. "म्हणजे पेरुमाळानंही अळणीच खाल्लं."

अम्मानं वाणीकडे पाहिलं. या घरात नैवेद्याआधी कुणी चव बघत नसे. वाफेवरून मिठाचा अंदाज करायचा, आणि तो वाणीनं करायचा, कारण तिचा कधी चुकत नसे. आज पैजेच्या नादात ती भांड्यापाशी वाकलीही नव्हती; दारातूनच "सेरी, बरोबर आहे" म्हणून मोकळी झाली होती.

"मिठाला वास कुठे असतो?" मामानं विचारलं.

"मिठाला नाही, मामा. मीठ पडलं की वांग्याचा कच्चट वास खाली बसतो आणि धन्यांचा वर येतो."

मामानं हातातला घास पानात ठेवला. "मी दिवसभर पिंपांपाशी हेच करतो. आमच्याकडे याला पगार देतात."

अप्पा हसले. वाणी हसली नाही. बारावीनंतर अप्पांनी तिच्यासाठी कंप्यूटर इंजिनिअरिंग ठरवलं होतं, येत्या आठवड्यात अर्ज जायचा होता. तिला ते नको होतं, पण "मग काय हवं?" असं ते विचारायचे तेव्हा ती विषय बदलायची. स्वयंपाकघरात उभं राहून नाकानं केलेलं काम कुणी शिकायला जातं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही बनवता त्या शिराझ वाइनला वास कसला?" तिनं हळूच विचारलं.

"काळ्या मिऱ्यांचा."

"मिरे घालता?"

"काही घालत नाही. द्राक्षाच्या सालीतच असतो तो."

ताक-भात तिनं भराभर संपवला. पान उचलून, हात धुऊन वाणी परत आली आणि अप्पा-अम्मांसमोर उभी राहिली.

"अप्पा, अम्मा, मी कंप्यूटरला जात नाही. मायक्रोबायॉलॉजी घेणार, आणि मग नाशिकला जाऊन वाइन बनवायला शिकणार. तोंडाला लावणार नाही असं वचन मात्र मागू नका. चव घेतल्यावाचून ते काम होत नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलून मला जायचं नाही."